मायकेल फॅरेडे

मायकेल फॅरेडे (२२ सप्टेंबर १७९१ – २५ ऑगस्ट १८६७) हे इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ होते. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध आणि विद्युत अपघटनाचे नियम यांसाठी ते विशेष प्रसिद्ध आहेत. स्थिर विद्युत, विद्युत प्रभार आणि धारित्र या विषयांवरील त्यांचे कार्यही तेवढेच मूलगामी आहे. विद्युत परिणाम समजून घेण्यासाठी केवळ प्रभारित वस्तूंचा विचार पुरेसा नसून त्यांच्या दरम्यानची जागा आणि त्या जागेतील पदार्थ यांचाही विचार करावा लागतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. या विचारातूनच विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र या संकल्पना आकाराला आल्या. धारकतेच्या एककाला त्यांच्या नावावरून फॅरड असे नाव देण्यात आले आहे. फॅरेडे यांचे शालेय शिक्षण अत्यल्प होते आणि उच्च गणित त्यांना अवगत नव्हते.

बालपण आणि उमेदवारी

फॅरेडे यांचा जन्म लंडनच्या दक्षिणेस असलेल्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. हा भाग तेव्हा सरे परगण्यात होता. वडील जेम्स हे लोहार होते. कामधंद्याच्या शोधात ते इंग्लंडच्या उत्तर भागातून लंडनला आले होते. त्यांची प्रकृती बरी नसे, त्यामुळे घरची स्थिती हलाखीची होती. चार भावंडांत मायकेल तिसरे. हे कुटुंब सँडेमनियन या लहानशा ख्रिस्ती पंथाचे अनुयायी होते. साधी राहणी आणि धनसंचयाविषयी अनासक्ती ही या पंथाची शिकवण फॅरेडे यांनी जन्मभर पाळली. शाळेत त्यांना लिहिणे, वाचणे आणि थोडेफार अंकगणित एवढेच शिकायला मिळाले.

१८०४ मध्ये ते जॉर्ज रिबो या ग्रंथविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून कामाला लागले. पुढच्या वर्षी त्याच दुकानात पुस्तक बांधणीच्या कामावर त्यांची सात वर्षांची उमेदवारी सुरू झाली. बांधणीसाठी येणारी पुस्तके ते वाचून काढीत. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातील विजेवरील लेख आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक यांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. वाचलेली गोष्ट स्वतः करून पाहिल्याखेरीज त्यांचे समाधान होत नसे. काचेच्या बाटल्यांपासून त्यांनी घर्षणाने वीज निर्माण करणारे लहान यंत्र तयार केले आणि त्याच्या जोडीला एक लेडन पात्रही बनवले. लेडन पात्र म्हणजे आतून व बाहेरून धातूचा पत्रा लावलेली काचेची बरणी; धारित्राचे हे सर्वांत जुने रूप होय. ज्या उपकरणाचे मर्म त्यांनी पुढे उलगडले, त्याच्याशी त्यांचा परिचय असा उमेदवारीच्या काळातच झाला होता.

१८१० पासून ते जॉन टेटम यांच्या विज्ञानविषयक व्याख्यानांना जाऊ लागले. या व्याख्यानांचे शुल्क त्यांचे थोरले बंधू रॉबर्ट, जे स्वतः लोहारकाम करीत, ते भरीत असत.

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रवेश

१८१२ मध्ये दुकानाच्या एका ग्राहकाने फॅरेडे यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची प्रवेशपत्रे दिली. फॅरेडे यांनी चार व्याख्यानांची सविस्तर टिपणे आकृत्यांसह लिहून काढली, त्यांचे स्वतः पुस्तक बांधले आणि नोकरीच्या विनंतीसह ते डेव्ही यांच्याकडे पाठवले. तेव्हा जागा रिकामी नव्हती. काही महिन्यांनी प्रयोगशाळेतील एका साहाय्यकाला काढून टाकण्यात आले आणि १ मार्च १८१३ रोजी त्या जागी फॅरेडे यांची नेमणूक झाली. आठवड्याला २५ शिलिंग वेतन आणि इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहण्यास दोन खोल्या, असे या नोकरीचे स्वरूप होते.

ऑक्टोबर १८१३ ते एप्रिल १८१५ या काळात डेव्ही यांच्यासोबत त्यांनी युरोपचा प्रवास केला. या प्रवासात अँपिअर आणि व्होल्टा यांसारख्या शास्त्रज्ञांना भेटण्याची संधी त्यांना मिळाली. मात्र त्यांना नोकराचीही कामे करावी लागत आणि डेव्ही यांच्या पत्नी त्यांना तसेच वागवीत. शिष्य आणि सेवक या दोन्ही भूमिका एकाच वेळी वठवण्याचा हा अनुभव त्यांना बराच क्लेशदायक झाला.

१२ जून १८२१ रोजी त्यांचा विवाह त्यांच्याच पंथातील सारा बर्नार्ड यांच्याशी झाला. या दांपत्याला अपत्य नव्हते.

विद्युत आणि चुंबकत्व

विद्युतधारेमुळे चुंबकसूची विचलित होते, हे हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवले होते. सप्टेंबर १८२१ मध्ये फॅरेडे यांनी धारावाहक तार चुंबकाभोवती सतत फिरत राहील अशी रचना केली. विद्युत चलित्राचे म्हणजेच मोटरचे हे मूळ रूप होते. हा शोध प्रसिद्ध करताना विल्यम वोलास्टन यांनी याच दिशेने केलेल्या प्रयत्नांचा उल्लेख न केल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. डेव्ही यांच्याशी असलेल्या संबंधांतही कटुता आली. १८२४ मध्ये फॅरेडे रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले, तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष असलेल्या डेव्ही यांनी या निवडीला विरोध केला होता. तथापि डेव्ही यांच्याविषयीची कृतज्ञता फॅरेडे यांनी कधी सोडली नाही.

१८२५ मध्ये ते रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्याच वर्षी त्यांनी बेंझीन हा पदार्थ शोधून काढला.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी लोखंडी कड्यावर समोरासमोर दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातील विद्युतधारा सुरू किंवा बंद करण्याच्या क्षणी दुसऱ्या वेटोळ्यात क्षणिक धारा निर्माण होते, असे त्यांना आढळले. ऑक्टोबरमध्ये वेटोळ्यात चुंबक आतबाहेर करून, तसेच चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून त्यांनी विद्युतधारा मिळवली. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा हा शोध जनित्र आणि रोहित्र म्हणजेच ट्रान्सफॉर्मर या दोहोंचा पाया ठरला.

विजेचे एकत्व

त्या काळी घर्षणाने मिळणारी वीज, विद्युतघटातील वीज, चुंबकाच्या साहाय्याने मिळणारी वीज आणि काही माशांच्या शरीरातील वीज या एकच आहेत की भिन्न, याविषयी मतभेद होते. १८३३ मध्ये फॅरेडे यांनी या सर्वांचे रासायनिक, चुंबकीय व इतर परिणाम तपासले आणि वीज एकच असून फरक केवळ तिच्या प्रमाणाचा व तीव्रतेचा असतो, असा निष्कर्ष काढला.

पाठोपाठ त्यांनी विद्युत अपघटनाचे नियम मांडले. अपघटनाने मुक्त होणाऱ्या पदार्थाचे वस्तुमान हे द्रावणातून गेलेल्या एकूण विद्युत प्रभाराच्या समप्रमाणात असते, हा त्यांतील पहिला नियम होय. आयन, अॅनोड, कॅथोड हे आज रूढ असलेले शब्द विल्यम ह्यूवेल यांच्या सल्ल्याने याच सुमारास वापरात आले.

फॅरेडे यांचा पिंजरा

१८३० च्या दशकाच्या मध्यास फॅरेडे स्थिर विद्युतेकडे वळले. न्यूटन यांच्या गुरुत्वाकर्षणाप्रमाणे विद्युत बलही मधल्या जागेचा काही संबंध नसताना दुरून कार्य करते, अशी तेव्हाची सर्वमान्य समजूत होती. शार्ल ऑग्युस्तँ द कूलॉम यांनी १७८५ मध्ये मांडलेला नियम या समजुतीशी चांगला जुळत असे. दोन प्रभारांमधील बल त्यांच्या गुणाकाराच्या समप्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, असे हा नियम सांगतो. फॅरेडे यांचा आक्षेप या सूत्राला नव्हता. बल एका वस्तूपासून दुसऱ्या वस्तूपर्यंत पोहोचते कसे, हा त्यांचा प्रश्न होता.

१८३६ च्या आरंभी त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहात प्रत्येक बाजू १२ फूट असलेला एक घनाकृती पिंजरा उभारला. लाकडी चौकटीवर तारा आणि धातूचा वर्ख लावून तो विद्युतवाहक केला होता. पिंजऱ्याला विद्युतयंत्राने इतके प्रभारित करण्यात आले की, त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून ठिणग्या उडू लागल्या. फॅरेडे संवेदनशील उपकरणे घेऊन आत बसले होते. त्या उपकरणांनी विजेचे कोणतेही चिन्ह दाखवले नाही. वाहकाला दिलेला प्रभार त्याच्या बाह्य पृष्ठभागावरच राहतो आणि आतील पोकळीत त्याचे क्षेत्र नसते, हे यावरून स्पष्ट झाले. वीज चमकत असताना बंद मोटारगाडीत बसणे तुलनेने सुरक्षित असते किंवा लोखंडी उद्वाहकात मोबाइलचा संपर्क क्षीण होतो, यांमागे हेच तत्त्व आहे.

धारित्र आणि अपारक पदार्थ

दोन वाहकांमध्ये निरोधक पदार्थ ठेवून विद्युत प्रभार साठवण्याची रचना म्हणजे धारित्र किंवा कपॅसिटर. बोलीभाषेत त्याला कंडेन्सर असेही म्हणतात. धारित्रातील प्रभार आणि त्याच्या दोन वाहकांमधील विभवांतर यांचे गुणोत्तर म्हणजे धारकता. लेडन पात्राच्या शोधापासून जवळजवळ ९० वर्षे मधल्या काचेकडे केवळ प्रभार निसटू न देणारी भिंत म्हणून पाहिले जात असे.

१८३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांसाठी फॅरेडे यांनी दोन अगदी सारखी उपकरणे करवून घेतली. प्रत्येकात एका पितळी गोलाच्या आत दुसरा लहान गोल बसवलेला असून दोहोंमध्ये पोकळी होती. दोन्ही उपकरणांत हवा असताना एकाला प्रभारित करून दुसऱ्याशी जोडले की प्रभार निम्मानिम्मा वाटला जाई. नंतर त्यांनी एका उपकरणाच्या पोकळीचा खालचा अर्धा भाग लाखेने भरला आणि हीच कृती पुन्हा केली. या वेळी वाटणी समान झाली नाही. लाख असलेल्या उपकरणाने अधिक प्रभार घेतला. काच आणि गंधक वापरल्यावरही असेच घडले. दोन्ही उपकरणांच्या धातूच्या भागांची मापे सारखीच होती, तेव्हा हा फरक मधल्या पदार्थामुळेच पडला होता.

या पदार्थांसाठी डायइलेक्ट्रिक हा शब्द रूढ झाला. मराठीत त्यांना विद्युत अपारक पदार्थ म्हणतात. अपारकाच्या कणांवर विद्युत ताण पडतो, त्यांची एक बाजू धन तर दुसरी ऋण होते आणि हा परिणाम कणाकणाने पुढे सरकतो, असे स्पष्टीकरण फॅरेडे यांनी दिले. यालाच आज ध्रुवण म्हणतात. ध्रुवणामुळे अपारकातील एकूण क्षेत्र कमी होते. त्यामुळे तेवढ्याच प्रभारासाठी विभवांतर कमी लागते आणि धारकता वाढते.

असेच प्रयोग हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७७० च्या दशकात केले होते, पण त्यांनी ते प्रसिद्ध केले नाहीत. त्यांची टिपणे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी संपादित करून १८७९ मध्ये प्रकाशित केली. फॅरेडे यांना या कामाची माहिती नव्हती.

बर्फाच्या बादलीचा प्रयोग

१८४३ मध्ये फॅरेडे यांनी केलेला एक प्रयोग आजही प्रात्यक्षिकांत करून दाखवला जातो. बर्फ ठेवण्याची धातूची बादली निरोधक आधारावर ठेवून तिची बाहेरची बाजू त्यांनी सुवर्णपत्र विद्युतदर्शीला जोडली. रेशमी दोऱ्याला टांगलेला प्रभारित पितळी गोळा बादलीत सोडताच विद्युतदर्शीची पाने फाकली. गोळा पुरेसा खोल गेल्यावर तो आत कोठेही हलवला तरी पानांमधील अंतर बदलले नाही. गोळा तळाला टेकवला तेव्हाही पाने तशीच राहिली. मात्र बाहेर काढल्यावर गोळा पूर्णपणे प्रभाररहित झालेला आढळला.

गोळ्याने बादलीच्या आतील पृष्ठभागावर प्रवर्तित केलेला विरुद्ध प्रभार गोळ्यावरील प्रभाराइतकाच होता, म्हणून स्पर्श होताच दोन्ही परस्परांना नाहीसे करू शकले आणि बाहेरच्या बाजूस तेवढाच प्रभार उरला. प्रभार नव्याने निर्माण होत नाही व नष्टही होत नाही, या अक्षय्यतेच्या नियमाला या साध्या प्रयोगाने भक्कम आधार दिला.

समुद्राखालील तार

या संशोधनाचा व्यावहारिक प्रत्यय १८५४ च्या सुमारास आला. पाण्याखालून किंवा जमिनीखालून नेलेल्या, गटापर्चाचे आवरण असलेल्या तारांतून तारायंत्राचे संदेश उशिरा आणि विसविशीत होऊन पोहोचत, तर खांबांवरील तारांत तसे होत नसे. अशी तार म्हणजे एक लांबलचक लेडन पात्रच आहे, असे फॅरेडे यांनी दाखवून दिले. आतील तांबे हा एक वाहक, बाहेरचे पाणी हा दुसरा आणि मधला गटापर्चा हा अपारक होय. संदेश पुढे जाण्यापूर्वी हे धारित्र प्रभारित व्हावे लागते, म्हणून विलंब होतो. पुढे अटलांटिक महासागराखालून टाकलेल्या तारांच्या रचनेत ही गोष्ट विचारात घ्यावी लागली.

बलरेषा आणि क्षेत्र

चुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरला असता तो वक्र रेषांत मांडला जातो. फॅरेडे यांनी या रेषांना बलरेषा म्हटले आणि विद्युत प्रभारांसाठीही तशाच रेषा कल्पिल्या. रेषा जेथे दाट तेथे बल अधिक, विरळ तेथे कमी. आरंभी सोयीचे चित्र म्हणून आलेल्या या रेषा भौतिकदृष्ट्या खऱ्या असाव्यात, असे त्यांचे मत उत्तरोत्तर दृढ होत गेले.

समकालीन शास्त्रज्ञांनी त्यांच्या प्रयोगांचा गौरव केला, परंतु या कल्पनेकडे बहुतेकांनी दुर्लक्ष केले. कूलॉम यांच्या नियमावर उभ्या असलेल्या गणिताने अचूक उत्तरे मिळत असताना, एकही समीकरण न लिहिणाऱ्या प्रयोगकर्त्याच्या रेषांची आवश्यकता काय, अशी त्यांची धारणा होती. फॅरेडे यांना आपल्या या उणिवेची जाणीव होती. अतिश्रमामुळे १८४० च्या सुमारास त्यांची प्रकृती ढासळली. स्मरणशक्ती दगा देऊ लागल्याने त्यांना बराच काळ संशोधन थांबवावे लागले.

या कल्पनेची दखल तरुण पिढीने घेतली. फॅरेडे यांचे निष्कर्ष गणितात मांडता येतात आणि ते कूलॉम यांच्या नियमाशी विसंगत नाहीत, हे विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये दाखवले. त्याच वर्षी थॉमसन यांच्या पत्रातून प्रेरणा घेऊन फॅरेडे यांनी विद्युत ताणाखालील अपारकातून ध्रुवित प्रकाश सोडून पाहिला. परिणाम दिसला नाही. मग त्यांनी स्वतः पूर्वी तयार केलेली शिसेयुक्त जड काच प्रबळ चुंबकाजवळ ठेवली. १३ सप्टेंबर १८४५ रोजी प्रकाशाचे ध्रुवण प्रतल फिरल्याचे त्यांना दिसले. प्रकाश आणि चुंबकत्व यांच्यातील संबंधाचा हा पहिला प्रायोगिक पुरावा होता.

मॅक्सवेल यांनी १८५५-५६ मध्ये फॅरेडे यांच्या बलरेषांवर पहिला निबंध लिहिला. त्या वेळी फॅरेडे ६४ वर्षांचे, तर मॅक्सवेल पंचविशीच्या आतले होते. १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅक्सवेल यांच्या सिद्धांतात क्षेत्र हीच मूलभूत गोष्ट मानली होती, आणि प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंग ठरला. हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस असे तरंग प्रयोगशाळेत निर्माण केले. ते पाहण्यास फॅरेडे हयात नव्हते.

फॅरेडे यांचे सर्वच विचार टिकले असे नाही. प्रभार म्हणजे माध्यमातील ताणाचा शेवट, असे ते मानीत. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागल्यावर प्रभार हा कणांचा गुणधर्म असल्याचे स्पष्ट झाले. तसेच क्षेत्राला पदार्थाची गरज नसून ते निर्वातातही असते, हे आज मान्य आहे. गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचा संबंध शोधण्याचे त्यांचे प्रयोगही निष्फळ ठरले. ते निष्फळ प्रयोगही त्यांनी नोंदवून ठेवले.

लोकशिक्षण आणि सार्वजनिक कार्य

रॉयल इन्स्टिट्यूशनमधील शुक्रवारची सायंव्याख्याने आणि मुलांसाठीची नाताळ व्याख्याने ही फॅरेडे यांच्यामुळे लोकप्रिय झाली. त्यांनी स्वतः १९ नाताळ व्याख्यानमाला दिल्या. मेणबत्तीच्या ज्वलनावरील त्यांची व्याख्यानमाला पुस्तकरूपाने जगभर वाचली गेली. १८३६ पासून सुमारे तीन दशके ते दीपगृहांच्या व्यवस्थापनाचे वैज्ञानिक सल्लागार होते. कोळसा खाणीतील स्फोटाची चौकशी आणि थेम्स नदीचे प्रदूषण यांसारख्या प्रश्नांतही त्यांनी लक्ष घातले.

रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले. सरदारकीचा किताबही त्यांनी स्वीकारला नाही.

अखेरचे दिवस

१८५८ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांनी हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांना राहण्यासाठी घर दिले. स्मृतिभ्रंश वाढत गेल्याने त्यांनी एकेक जबाबदारी सोडून दिली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी याच घरी त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन लंडनच्या हायगेट दफनभूमीत करण्यात आले. वेस्टमिन्स्टर अॅबीमध्ये न्यूटन यांच्या समाधीजवळ त्यांचे स्मृतिचिन्ह आहे.

वारसा

१८८१ मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने धारकतेच्या एककासाठी फॅरड हे नाव स्वीकारले. एक कूलॉम प्रभार दिल्यावर विभवांतर एक व्होल्ट होत असेल, तर त्या धारित्राची धारकता एक फॅरड असते. हे एकक फार मोठे आहे. एक मिलिमीटर अंतरावरील दोन समांतर पट्ट्यांमध्ये निर्वात ठेवून एक फॅरड धारकता मिळवायची, तर प्रत्येक पट्टीचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस किलोमीटर असावे लागेल. म्हणजे संपूर्ण कोल्हापूर शहराच्या क्षेत्रफळाहूनही अधिक. म्हणूनच व्यवहारात मायक्रोफॅरड, नॅनोफॅरड आणि पिकोफॅरड ही एकके वापरतात. छताच्या पंख्यातील कंडेन्सर काही मायक्रोफॅरडचा असतो.

फॅरेडे यांच्या शोधांवर आधारलेली यंत्रणा महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. खोपोली येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईला वीज मिळू लागली. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणावरही जलविद्युत केंद्र आहे. या केंद्रांतील जनित्रे प्रवर्तनाच्या तत्त्वावर चालतात.

कोल्हापूर जिल्हा ओतकामासाठी प्रसिद्ध आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींच्या परिसरातील फाउंड्रींमध्ये लोखंड वितळवण्यासाठी इंडक्शन फर्नेस वापरल्या जातात. या भट्टीच्या तांब्याच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती धारा सोडली की आतील धातूत प्रवर्तनाने धारा निर्माण होऊन तो तापतो व वितळतो. वेटोळ्याच्या जोडीला धारित्रांचा संच असतो. त्याला कारखान्यांत कपॅसिटर बँक म्हणतात. वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रातील ऊर्जा आणि धारित्राच्या विद्युत क्षेत्रातील ऊर्जा यांची सतत देवाणघेवाण होत राहते, त्यामुळे मूळ पुरवठ्यावरील भार हलका होतो. १८३१ मधील लोखंडी कडे आणि १८३७ मधील पितळी गोल यांतून फॅरेडे यांनी शोधलेली दोन तत्त्वे या भट्टीत एकत्र काम करताना दिसतात.